पालथा कागद

वेंगुर्ल्याच्या बाजारात, मासळीच्या कट्ट्याकडे उतरताना
डाव्या हाताला माझं झेरॉक्सचं दुकान.
रेशनकार्ड, सातबारा, आधार, दहावीची मार्कलिस्ट,
आणि गेली दोन वर्षं
बांबोळीच्या फायली.

आधी इनास आला होता, त्याच्या पप्पांची घेऊन.
त्याला मी म्हणाले होते, "होईल रे सगळं नीट."
तो काही बोलला नाही.
सुटे मोजत राहिला, मोजून झाल्यावरही.
नंतर तो समोरच्या दुकानात जायला लागला,
तिथे एक रुपया जास्त पडतो.

म्हणून उर्मी आली तेव्हा मी गप्प राहिले.
अहवाल काचेवर पालथा घालावा लागतो,
तेवढं एक बरं आहे या धंद्यात.
पण प्रत बाहेर येते ती उताणी,
आणि मला वाचता येतं.
माझ्या बाबांच्या कागदांवर शिकले मी ते शब्द,
तेव्हा कुणी विचारलंही नव्हतं, शिकायचेत का म्हणून.

पैसे नको म्हटलं तर उर्मी चिडली.
"माका उपकार नको हत."
नाणी स्टेपलरखाली सरकवून गेली.

मग मी दुसरंच काहीतरी करत राहिले.
पहाटेच्या पणजी गाडीत डाव्या बाजूची जागा,
उजवीकडे ऊन येतं.
शेक घेतल्यावर गळ्याला सुती पंचा, टॉवेल नको.
पेज कोमट. लिंबू फोडून पिशवीत ठेव, वासाला.
हे सगळं एका कोऱ्या कागदावर लिहून
फायलीत सारलं, शेवटच्या पानामागे.

भिकाजी तांडेलांना आता मासळीचा वास सोसत नाही.
पन्नास वर्षं ज्यांच्या अंगाला तोच वास होता त्यांना.
उर्मी लिलावावरून येते ती मागच्या दाराने,
राखेने हात घासते, मग साबणाने, मग पुन्हा राखेने,
आणि तरीही बापाच्या खाटेपासून
चार हात लांब बसते.
हे मला तिनं नाही सांगितलं.
तिच्या बोटांची सालं गेलेली दिसली, पैसे देताना.

परवा भर दुपारी, बाजार निजलेला असताना
ते स्वतः आले. एकटे. मफलर गुंडाळून.
आवाज असा, वाळूवरून होडी ओढावी तसा.
"गो, ह्या जरा मोठा करून दी.
अक्षरा बारीक असत.
घरची सगळी माझ्यापास्ना लपयतत."

मी मशीनकडे पाहिलं. रस्त्याकडे पाहिलं.
उर्मीला फोन करावा,
लाईट गेली म्हणावं,
एवढं सगळं सुचलं.
मग सगळ्यात मोठा कागद घातला.

अक्षरं करवंदाएवढी झाली, पण इंग्रजीच राहिली.
त्यांनी एकावर बोट ठेवलं. "ह्यो शब्द काय म्हणता?"
"गाठ."
"आणि हो?"
"ती मानेत गेली हा."
"हो?"
तो मी दोनदा वाचला, मग सांगितला.

ते बराच वेळ उभे होते.
कागदाची घडी घातली, जाळं घालतात तशी, कडेला कड लावून.
"मगे होडी उर्मीच्या नावार करूक व्हयी," म्हणाले.
दहाची नोट ठेवली.
मी घेतली. सुटे परत दिले.

आज उर्मी आली. हातात होडीचं लायसन.
"तू सांगलंस."
"होय."
मला वाटलं, ही पण आता समोरच्या दुकानात जाणार.
ती स्टूल ओढून बसली, पहिल्यांदाच,
पाय थोडे लांब करून.
"माका जमला नसता," म्हणाली.
आणि मग बराच वेळ आम्ही बोललो ते
इनासच्या पप्पांबद्दल, ते आता बंदरापर्यंत चालत जातात,
आणि बर्फाच्या भावाबद्दल.

लायसनच्या दोन प्रती काढल्या.
नुकत्या निघालेल्या प्रती गरम असतात.
तिनं त्या लगेच फायलीत घातल्या नाहीत.

"किती झाले?"
"चार."
तिनं दिले, मी घेतले.

शटरवर खडूने लिहून आले आहे,
उद्या दुकान बंद.
पाचच्या गाडीला तीन तिकिटं, डाव्या बाजूची.